टू-वे प्लेयर: अष्टपैलू, सव्यसाची की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन फुटबॉलवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना जुन्या काळच्या ‘टू-वे प्लेयर’ना, म्हणजे आक्रमण आणि बचाव दोन्हींत खेळणाऱ्यांना, मी ‘अष्टपैलू’ लिहिलं. संपादकांनी त्याखाली लाल रेघ मारून ‘दोन्ही बाजूंनी खेळणारे’ असं केलं. बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही नाही. पण संपादकांची चूक जास्त मजेदार आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

गल्लीत क्रिकेट खेळताना पोरं विषम संख्येनं जमली की एकाला ‘कॉमन’ करतात. तो इकडूनही बॅटिंग करतो, तिकडूनही. ‘दोन्ही बाजूंनी खेळणारा’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हा कॉमन उभा राहतो. वय जरा जास्त असेल तर दोन्ही बाजूंनी वाजणारी ढोलकी आठवते, आणि मग माणसाच्या इमानाबद्दलच शंका येते. ‘दुहेरी खेळाडू’ म्हणावं तर तो बॅडमिंटनचा होतो. ‘दुतर्फा’ म्हटलं की रस्त्याकडेची झाडं आलीच. ‘दुटप्पी’ तर नकोच.

आता अष्टपैलू. पैलू हिऱ्याचे. आठही बाजू घासूनपुसून चमकवलेल्या, म्हणजे शब्दात कौतुक आधीपासूनच भरलेलं आहे. पण माणसाला एखादं काम करावं लागतं म्हणून तो त्या कामात अष्टपैलू ठरत नाही. भागवत चंद्रशेखर ५८ कसोट्या खेळले, २४२ बळी घेतले आणि धावा केल्या १६७. अकरा जणांत असल्यामुळे फलंदाजीला त्यांना यावंच लागे, तरी त्यांना अष्टपैलू म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही.

जुन्या अमेरिकन फुटबॉलमध्ये परिस्थिती नेमकी अशीच होती. बदली खेळाडूंचे नियम कडक होते. एकदा बाहेर गेलेल्या गड्याला मनाला येईल तेव्हा परत आत येता येत नसे. त्यामुळे चेंडू आपल्याकडे असताना जे अकरा जण पुढे घुसायचे, तेच अकरा जण चेंडू गेला की अडवायला उभे राहायचे. यात थोर खेळाडू होते तसे सुमारही होते. सगळ्यांनाच दोन्ही कामं होती. त्या सगळ्यांना सरसकट अष्टपैलू म्हणणं म्हणजे हातानं कपडे धुणाऱ्या आपल्या पणजीला ‘पर्यावरणप्रेमी’ म्हणण्यासारखं आहे.

मुख्य मुद्दा असा की त्या काळात त्यांना वेगळा शब्दच लागत नव्हता. खेळाडू तो खेळाडू. ‘माग’ हा शब्द घ्या. यंत्रमाग येईपर्यंत त्याला हातमाग म्हणायचं काही कारण नव्हतं. लेगहॉर्न येण्याआधी ‘गावठी कोंबडी’ नव्हती, नुसती कोंबडी होती. नवी वस्तू येते आणि जुनीला विशेषण चिकटवून जाते. ‘टू-वे’ हे असंच मागाहून चिकटलेलं विशेषण आहे.

नवी वस्तू केव्हा आली तेही सांगता येतं. दुसऱ्या महायुद्धात तरणी पोरं सैन्यात गेली आणि संघांना माणसं पुरेनात. १९४३ साली तर फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या दोन संघांना एकत्र येऊन एकच संघ उतरवावा लागला. त्याच वर्षी व्यावसायिक लीगनं बदली खेळाडूंची मोकळीक दिली. पुढे ती आवळली, पुन्हा सोडली आणि १९५० पासून कायमची केली. मधल्या काळात, १९४५ मध्ये, मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी बलाढ्य आर्मी (अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या) संघापुढे आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी असा डाव मांडला. सामना हरले, पण पद्धत रुजली. कॉलेजवाल्यांनी १९५३ मध्ये ती मोडून जुनी रीत परत आणून पाहिली, १९६४ मध्ये तो नाद सोडला. तुकड्या वेगळ्या झाल्या आणि मग दोन्हींकडे दिसणारा माणूस नवलाचा ठरला.

असं नवल म्हणजे चक बेडनारिक, फिलाडेल्फिया ईगल्सचा. आक्रमणात तो सेंटर, म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. बचावात लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या रांगेच्या मागे उभा राहून अडवणारा. फावल्या वेळात काँक्रीट विकायचा म्हणून टोपणनाव ‘काँक्रीट चार्ली’. २६ डिसेंबर १९६० ला, वयाच्या पस्तिशीत, अजिंक्यपदाच्या सामन्यात तो जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात होता. शेवटचे काही सेकंद उरलेले, ईगल्स १७, ग्रीन बे १३. ग्रीन बेचा जिम टेलर चेंडू घेऊन गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत पोचलेला. बेडनारिकनं त्याला पाडलं आणि घड्याळ संपेपर्यंत अंगावरून उठलाच नाही. आमच्याकडे कबड्डीत चढाईवाल्याचा दम जाईपर्यंत त्याला दाबून धरतात, तसं.

या माणसाला ‘सव्यसाची’ म्हणण्याचा मोह होतो. शब्द देखणा आहे, मराठीत ‘सव्यसाची संपादक’ वगैरे चालतोही. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपली दहा नावं उलगडून सांगतो, तेव्हा याचा अर्थ देतो: गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच. म्हणजे काम एकच, हात दोन. बेडनारिकचं उलटं आहे, माणूस एक आणि कामं दोन. शिवाय हल्ली सव्यसाची म्हटलं की निम्म्या लोकांना त्या नावाच्या ड्रेस डिझायनरचा लग्नाचा लेहंगा आठवतो. (जाता जाता: सव्य म्हणजे डावा. श्राद्धात जानवं डाव्या खांद्यावर ते सव्य, उजव्यावर घेतलं की अपसव्य. आणि ते सारखं इकडून तिकडे करायचा कंटाळा आला म्हणूनच कोणत्याही लांबलचक खटाटोपाला आपण ‘सव्यापसव्य’ म्हणतो.)

मग आपल्या देशी खेळांकडे काही सापडतं का? खो-खोमध्ये प्रत्येक गडी पाठलागही करतो आणि पळतोही. म्हणून तिथे ‘दोन्ही करणारा’ असा शब्दच नाही. सगळेच करतात, तर नाव कशाला द्यायचं? स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू अशी बक्षिसं असतात, पण तिथेही अष्टपैलू म्हणजे दोन्हींत *चमकलेला*, नुसता दोन्हीत असलेला नव्हे. ही बातमी दर हिवाळ्यात स्थानिक पानावर येते, बघा.

माझी शिफारस ‘फळी’ची. आघाडीची फळी, बचावफळी, मधली फळी हे शब्द क्रीडापानांनी केव्हाच रुळवले आहेत. तेव्हा ‘दोन्ही फळ्यांत खेळणारा’ म्हणा. क्रिसलरची ती ‘दोन फळ्यांची पद्धत’ होऊन जाते, शब्द शब्दाला धरून राहतो. सामासिक रूप मात्र करू नका. ‘दुफळी खेळाडू’ छापून आलं तर वाचक संघात भांडण लागलं असं समजेल!

इंग्रजीत या लोकांना ‘साठ मिनिटांचा माणूस’ असंही म्हणतात, कारण सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. तिथे ‘साठ मिनिटांचा गडी’ बिनधास्त लिहा. गडी या शब्दाला मातीचा वास आहे आणि बेडनारिकला तो शोभतो.

अष्टपैलू पूर्ण बाद नाही. वॉशिंग्टन संघाच्या सॅमी बॉनं १९४३ च्या हंगामात पासिंगमध्ये, पंटिंगमध्ये (चेंडू लाथेनं लांब धाडण्यात) आणि प्रतिस्पर्ध्यांचे पास मधल्या मध्ये पकडण्यात, तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. एका सामन्यात तर चार टचडाउन पास (गोलरेषेपार पोचून गुण मिळवून देणारे) दिले आणि समोरच्यांचे चार पास पळवले. हा अष्टपैलूच. तसाच कोलोरॅडो विद्यापीठाचा ट्रॅव्हिस हंटर, ज्यानं पास झेलणं आणि पास अडवणं दोन्ही करत २०२४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकली. त्याच्यावर नियमाची सक्ती नव्हती, त्यानं ते निवडून केलं.

म्हणून तुमचं वाक्य १९३०च्या दशकाबद्दल असेल तर विशेषणच काढून टाका: ‘तेव्हा तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही.’ १९६० चं असेल तर ‘बेडनारिक हा दोन्ही फळ्यांत खेळणाऱ्या शेवटच्या काही गड्यांपैकी एक.’ आणि संपादकांना ‘कॉमन’ची गोष्ट जरूर सांगा, तेही कधीतरी गल्लीत खेळले असतीलच.