स्विमिंग पूलचा पंप चालतो पण पाण्याला जोर नाही, मोटर बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की पंप पाण्याच्या पातळीपेक्षा थोडा वर बसवलाय, आवाज जवळपास नेहमीचाच आहे, पण पाणी जेमतेम येतं आणि पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारी बास्केट असते, तिच्यावरच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात. मेकॅनिक म्हणतो दीड एचपीची मोटर काढा, तीनची बसवा.

नका बसवू.

आपण अख्ख्या यंत्राला 'मोटर' म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. मागचा, पंखा असलेला कोरडा भाग ही मोटर. तिचं काम एकच: शाफ्ट फिरवणं. पुढचा ओला भाग म्हणजे पंप. त्यात शाफ्टच्या टोकाला इम्पेलर असतो, तो पाणी मधून घेतो आणि कडेला भिरकावतो. दोघांच्या मध्ये मेकॅनिकल सील, म्हणजे पाणी शाफ्टवरून मोटरकडे जाऊ न देणारा भाग. तुमची मोटर फिरतेय, म्हणजे तिचं काम चाललंय. अडलंय ते पुढे.

बुडबुडे म्हणजे पंप हवा ओढतोय. सक्शनच्या, म्हणजे पूलमधून पाणी ओढणाऱ्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथल्या फटीतून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून लोक ओल शोधत बसतात आणि ती सापडत नाही. आधी पूलची पातळी स्किमरच्या (पूलच्या भिंतीतल्या, वरवरचं पाणी ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) तोंडाखाली गेली नाही ना ते बघा. मग पंप चालू असताना झाकणाच्या कडेला आणि सक्शनच्या जोडांना दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे फट. मी एकदा दोन युनियन (पाइपाचे खोलता येणारे जोड) बदलून बसलो होतो आणि चोर निघाला झाकणाच्या ओ-रिंगखाली (रबरी कड्याखाली) अडकलेला वाळक्या पानाचा देठ! ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगू शकतं.

मेकॅनिककडे क्लॅम्प मीटर असेल तर अँपिअर मोजायला सांगा. पंप हवा घेत असेल किंवा इम्पेलरमध्ये कचरा अडकून पाणी कमी जात असेल, तर करंट नेहमीपेक्षा कमी येतो. पाणीच कमी उचललं तर भार कुठला?

आता तीन एचपीचं. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरेच घेते, दीडची असो वा तीनची. एचपी म्हणजे ती किती भार पेलू शकते ते. इम्पेलर तोच राहिला तर पाणी तेवढंच येणार. पंपही मोठा घेतलात तर त्याच पाइपात घर्षण वेगाच्या साधारण वर्गाने वाढतं, आणि फिल्टरमधून पाणी इतकं जोरात जातं की गाळणंच बिघडतं.

कधी बदलायची वेळ आलीच तर व्हेरिएबल स्पीडचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पंपाचा विचार करा. पूलमध्ये पाणी जिथून निघतं तिथेच परत येतं, उंच टाकीत चढवायचं नसतं. लढाई जवळजवळ फक्त घर्षणाशी. म्हणून वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण पंपाला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. दुप्पट वेळ चालवूनही हिशेबाने चौथा हिस्सा ऊर्जा. मोटरमधलं नुकसान धरून प्रत्यक्षात बचत थोडी कमी, तरीही भरपूर.

मोटर खरोखर दोषी असते तेव्हा लक्षणं वेगळी. नुसती घूं करते आणि फिरत नाही: मेन बंद करून शाफ्ट हाताने फिरवा. सहज फिरला तर बहुतेक मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर गेलाय (तो इलेक्ट्रिशियनकडूनच बदला, बंद असतानाही झटका देतो). जाम असेल तर इम्पेलर किंवा बेअरिंग बघा. पंप आणि मोटरच्या मधून थेंब पडत असतील तर सील, आणि ते टाळू नका. पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं की किंचाळणं सुरू होतं.

झाकण उघडण्याआधीही मेन बंद करा आणि फिल्टरवरचा एअर व्हॉल्व्ह सोडून दाब काढा. परत बसवताना बास्केटचं भांडं काठोकाठ पाण्याने भरा. कोरडा चालवलात तर सील तापून जाईल, आणि मग खर्च खरंच निघेल.