बहिणीच्या एमएस्सीसाठी तीन लाखांचं कर्ज काढू का?

रोह्याजवळच्या एका कातकरवाडीतून पत्र आलंय. लिहिणारा धाटाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे, हातात महिना 17,500 येतात आणि त्यातले पाचेक हजार तो बाजूला टाकतो. बहीण वाडीतली पहिली बीएस्सी. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करायला मुंबईत प्रवेश मिळतोय. फी वर्षाला 22,000, राहणं-जेवण-प्रवास महिन्याला 9,000, म्हणजे दोन वर्षांचे 2,60,000. एक फायनान्सवाला 3 लाख द्यायला तयार आहे, 14 टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. वडिलांच्या दळीच्या, म्हणजे कसायला मिळालेल्या वनजमिनीच्या, पट्ट्यावर कुणीतरी 'स्टॅम्पपेपर करून' दीड लाख देतो म्हणतोय. आणि बहिणीला पतसंस्थेत 12,000 ची नोकरीही चालून आलीय. जवळ 1,40,000 ची एफडी आहे. काय करू?

दादा, आधी त्या 14 टक्क्यांचं बोलू. तुम्ही हप्ता 9,750 लिहिलाय, म्हणजे हा फ्लॅट दर आहे. मुद्दल फिटत गेली तरी व्याज पूर्ण 3 लाखांवरच लागत राहतं. चार वर्षांत 4,68,000 भरायचे. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशेबात हा दर जवळपास 24 टक्के पडतो. तुमचा अर्ध्याहून जास्त पगार दर महिन्याला त्यातच जाणार. आईवडील वीटभट्टीवर जायचे असं तुम्हीच लिहिलंय. दिवाळीनंतर घेतलेली उचल पावसाळ्यापर्यंत फिटली का, हे त्यांना विचारा. ही पण उचलच आहे, फक्त ऑफिसात एसी आहे.

दळीचा विषय दोन ओळींत संपवतो. पट्टा वनहक्क कायद्याखाली, म्हणजे 2006 च्या कायद्याखाली मिळालाय. तो वारसाने मुलांकडे जातो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. देणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं समजू नका. सही करू नका.

आता तुमचा 2,60,000 चा हिशेब. त्यात एकही सरकारी पैसा धरलेला नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जमातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळते आणि फी त्यातून भागते. अशा मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये असे शासनाचे निर्देश आहेत. तरी खिडकीवरचा माणूस मागेल, तेव्हा अर्जाची प्रिंट पुढे करायची.

राहण्यासाठी पहिला अर्ज आदिवासी विभागाच्या शासकीय वसतिगृहाला. तिथे नंबर लागला तर खर्चाचा मोठा भाग तिथेच सुटतो. नाही लागला तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना. मुंबईसाठी तिच्या तक्त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000, असे वर्षाला 60,000 आहेत. चौकशी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही जिल्हे त्यांच्याकडेच येतात.

तर वर्षाचे 1,08,000 वजा 60,000, उरले 48,000. महिन्याला 4,000. इतके तर तुम्ही आजही बाजूला टाकताय.

खरी अडचण अशी की हे पैसे वेळेवर येत नाहीत. जूनपासून खर्च सुरू, आणि खात्यात जमा कधी फेब्रुवारीत तर कधी पुढच्या वर्षी. पोरं शिक्षण सोडतात ती बहुधा याच फटीत. म्हणून मी मुद्दाम वाईटात वाईट धरून बघितलं: पहिलं अख्खं वर्ष एक पैसा आला नाही, फीही भरावी लागली, तर लागतील 1,30,000. तुमची एफडी 1,40,000. वर तुमची बचत वर्षाला साठ हजार. निभतं. तीन लाखांची गरजच पडत नाही. एफडी मोडूही नका, तिच्यावर बँकेतून ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायचे. एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त व्याज लागतं, तेही वापराल तेवढ्यावरच. फक्त तीस हजार आईच्या दवाखान्यासाठी म्हणून वेगळे समजायचे, तिकडे हात न्यायचा नाही.

शबरी महामंडळाकडून राष्ट्रीय अनुसूचित जमाती महामंडळाचं 6 टक्क्यांचं शैक्षणिक कर्ज मिळतं, 10 लाखांपर्यंत. पण ते तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणाला आणि पीएचडीला, साध्या एमएस्सीला बसणं कठीण. पुढे लागलं तर लक्षात असू द्या.

पतसंस्थेची नोकरी मी हसण्यावारी नेणार नाही. दोन वर्षांचे 2,88,000 सोडायचे, हा खर्चच आहे, आणि एमएस्सी झाली म्हणजे नोकरी पक्की असंही नाही. पण आई पावसाळ्यात रोह्याच्या बाजारात शेवळं नि करटोली विकते आणि ही पोरगी त्यांची शास्त्रीय नावं लिहून ठेवते, हे तुम्हीच कौतुकाने लिहिलंय. तिने नेटची परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवली तर महिना 37,000. शिवाय पीएचडीसाठी अनुसूचित जमातीच्या मुलांना केंद्राच्या वर्षाला 750 फेलोशिप आहेत. परदेशी शिष्यवृत्तीच्या देशभरात 20 जागा, त्यातल्या 3 आदिम जमातींसाठी राखीव. तिथवर पोचेल का, मला माहीत नाही. प्रयत्न करण्याइतकी ती नक्की हुशार दिसते.

कागदांचं मात्र आजच बघा. जातवैधता प्रमाणपत्र नसेल तर ठाण्याच्या तपासणी समितीकडे लगेच अर्ज घाला. 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतील. भट्टीवर फिरणाऱ्या घरात तो कुठून असणार? चुलत्या-आत्याकडे कुणाची वैधता झाली असेल तर ती जोडा. आजोबांच्या दाखल्यावर 'काथोडी' लिहिलंय म्हणून घाबरू नका, यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत.

आणि बँक खातं. गेल्या वर्षी माणगावचा एक मुलगा माझ्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आला होता, शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून. आली होती. आधार जोडलेलं होतं आठवीत शाळेने काढून दिलेल्या खात्याला, सात महिने पैसे तिथे पडून. बहिणीचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते या आठवड्यात बघून घ्या. तुमची एफडी जुलैत पिकतेय म्हणालात, तर ती पुन्हा ठेवायला जाल त्याच फेरीत बँकेत ओव्हरड्राफ्टचा फॉर्मही मागून आणा.