कावळा शिवेपर्यंत

देव मानत नाही, मग मरणाची भीती वाटायला लागली तर धरायचं काय? साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येताना आडवळणानेच आणतात. कुणी झोप लागत नाही म्हणून येतं, कुणी छातीतल्या धडधडीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यावर फाइल काखोटीला मारून येतं. काका झोपेसाठी आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काका-काकूंना आधी वाचून दाखवलं, मगच हे इथे लिहिते आहे.)

वय 74. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याची टूलरूम तीसेक वर्षं सांभाळलेली. नौपाड्यात घर, मुलगी ऐरोलीला. मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद. देव कॉलेजात असतानाच सुटला, तो पुन्हा धरावासा वाटला नाही. माझ्या टेबलावर बोटभर उंचीचा एक गणपती असतो. पहिल्या दिवशी त्यांची नजर तिकडे गेली, तशी मी तो ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. "राहू द्या हो मॅडम, त्याचा मला काही त्रास नाही," ते म्हणाले. "माझाच मला त्रास आहे."

रात्री तीनला जाग यायची. मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचं.

आधी शरीर बघायचं, हा आमचा शिरस्ता. प्रॉस्टेटमुळे रात्री दोनदा उठावं लागत होतं, त्यासाठी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला. जीव नकोसा होतो का, स्वतःला संपवावंसं वाटतं का, हे मी सगळ्यांनाच थेट विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर 'हो' आलं असतं तर वाट वेगळी होती: मनोविकारतज्ज्ञ, घरच्यांना विश्वासात घेणं, आणि अडीनडीला 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन. काका म्हणाले, "संपवायचं कसलं? मला अजून 10 वर्षं हवी आहेत, तीच तर भानगड आहे."

मग मी एक चूक केली. वाचणारा माणूस दिसला की मला मोह होतो. मी एपिक्युरस काढला. इसवीसनापूर्वी 270 मध्ये वारलेला हा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणायचा, आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण असतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे मला कधीपासून पाठ आहे, मॅडम. दिवसा पटतं. रात्री तीनला त्याचा काडीचा उपयोग होत नाही." मी गप्प बसले. भीतीशी वाद घालून भीती गेल्याचं मी माझ्या खोलीत अजून तरी पाहिलेलं नाही.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. चार महिन्यांपूर्वी त्यांचा मित्र गेला. शाळेपासूनचा, आणि काकांपेक्षाही कडवा नास्तिक. दोघांनी मिळून देहदानाचे फॉर्म भरले होते, एकमेकांच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या होत्या. मित्र रात्री दीडला गेला. घरात रडारड, नातेवाईक जमले, फॉर्मची आठवण कुणाला राहिली नाही, की राहिली आणि कुणी बोललं नाही. सकाळी काका पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. जवाहरबाग स्मशानभूमीत ते एका बाजूला उभे राहिले. तोंडातून शब्द फुटला नाही.

दहाव्यालाही गेले, वहिनींसाठी. पिंड मांडले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. पाच मिनिटं, दहा, वीस. कुणी म्हणालं, मुलीच्या लग्नाचं राहिलंय मनात. मुलाने हात जोडून कबूल केलं, लग्न मी करून देईन. कावळा नाही. मग एकेक करून सगळ्यांची नजर काकांकडे वळली. जुना मित्र ना, याच्याकडेच काहीतरी अडकलं असेल.

"आणि मॅडम," काका खाली बघत म्हणाले, "मी मनातल्या मनात म्हणत होतो, शीव रे बाबा. एकदा शीव. मी! पन्नास वर्षं या गोष्टींवर हसलेला माणूस. घड्याळात बघत होतो. पन्नास मिनिटं झाली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, तर मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मलाच माझी लाज वाटली."

तर रात्री तीनला पंख्यावर हे फिरत होतं. वेळ आली की मीही हात जोडणार. म्हणजे आयुष्यभर जे बोललो ते सगळं ढोंग.

मी एवढंच विचारलं, "शीव रे बाबा हे तुम्ही कुणासाठी म्हणालात?" बराच वेळ गेला. "त्या पोरासाठी. उन्हात उभं होतं, ओल्या धोतरात." मग यात देव कुठे आला, हे मला विचारावं लागलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांसाठी त्यांना एक वही दिली. जाग आली की वेळ, मनात आलेली पहिली गोष्ट आणि भीती दहापैकी किती, एवढंच लिहायचं. टूलरूमचाच माणूस तो. पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं: लीस्ट काउंट 0.5, म्हणजे भीती अर्ध्या गुणापर्यंत मोजायची. एकूण 19 नोंदी झाल्या. आम्ही दोघांनी त्या मोजल्या. 'मी नसणार' अशा नोंदी 4. 'हिचं काय' 6. उरलेल्या 9 मध्ये एकच गोष्ट फिरून फिरून: मित्राचा फॉर्म, कपाट, सही.

काका आकड्यांकडे बघत राहिले. "म्हणजे मी मरणाला भीत नाहीये?" भीत होते. त्या 4 नोंदींपुढे आकडे आठ आणि नऊ होते, आणि ती भीती मी घालवली असं मी म्हणणार नाही. ती देव मानणाऱ्यांनाही असते, माझ्या याच खुर्चीत बसून ते रडलेले आहेत. पण 9 नोंदींचं काहीतरी करता येत होतं. काकांच्या स्वतःच्या फॉर्मवरचा साक्षीदार आता हयात नव्हता, आणि आपलंही मित्रासारखंच होणार याची त्यांना खात्री होती.

खरं तर फॉर्म भरला की झालं, असा समज सर्रास असतो. देहदानाचा फॉर्म म्हणजे फक्त इच्छा. पुढचं सगळं घरच्यांच्या हातात. त्यांनीच मेडिकल कॉलेजला फोन करायचा, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला घ्यायचा. अपघात, पोलीस केस किंवा शवविच्छेदन असेल तर देह घेत नाहीत, म्हणून दुसरा बेतही हवा. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. काकांनी याचा कागद केला आणि फ्रिजवर लावला. पहिली ओळ ठळक अक्षरात: पंखा बंद करणे.

दुसरा कागद उपचारांचा. बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपायांनी ओढत ठेवू नये, असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात मान्य केला, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आपल्याला बोलता येईनासं झालं तर निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावंही त्यात घालायची असतात. काकांनी मुलीचं घातलं. मुलगी आधी चिडली, मग दोन दिवसांनी येऊन सही करून गेली.

मधल्या एका भेटीत ते आगरकरांवर आले. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी पाहिली. आपल्या अंत्यविधीचा भार बायकोवर नको म्हणून त्यांनी त्यासाठीचे पैसे वेगळे बांधून ठेवले होते असं सांगतात. "कुठे ते आणि कुठे मी, एका कावळ्यापुढे गळपटलेला." मी म्हटलं, काका, आगरकर 1895 मध्ये गेले तेव्हा 38 वर्षांचे होते. चौऱ्याहत्तरीत रात्री तीनला काय होतं, ते त्यांना विचारायची सोय नाही.

आणि मग पुन्हा एपिक्युरस काढला, या वेळी युक्तिवादातला नाही. त्याचं शेवटच्या दिवसाचं एक पत्र आहे. लघवी अडलेली, पोटात भयंकर कळा, आणि तो मित्राला लिहितो की या सगळ्यासमोर मी आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणींचा आनंद उभा केला आहे. शेवटी सांगतो, आपल्या आधीच गेलेल्या मित्राच्या, मेट्रोडोरसच्या, मुलांकडे लक्ष ठेव.

काका मोठ्याने हसले. "म्हणजे त्यालाही लघवीचाच त्रास!" मग चष्मा पुसत बसले. पुढच्या आठवड्यात मित्राच्या घरी जाऊन आले. मुलीच्या लग्नाचं काय ठरतंय ते विचारून आले.

शेवटच्या भेटीला मी काकूंना बोलावलं. दर गुरुवारी उपास करणाऱ्या, पंचेचाळीस वर्षं नवऱ्याच्या नास्तिकपणाच्या शेजारी देवघर सांभाळलेल्या. काकांनी सगळे कागद मांडले. पेन्शन, लॉकर, फोन नंबर. 'हिचं काय' या 6 नोंदींचा त्यांचा अर्थ एवढाच होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं सगळं ठरलं. देह कॉलेजात जाणार, विधी नाही, दहावा नाही, काही नाही. मग तेरा दिवस मी काय करू? लोक येतील, मी कुठे बसू? काय सांगू?"

काकांकडे याचा कागद नव्हता. मी मध्ये पडले नाही, अशा वेळी पाणी प्यायचं असतं. खाली गोखले रोडवर रिक्षावाले एकमेकांवर हॉर्न मारत होते.

"तुला काय करायचंय?" त्यांनी विचारलं. मला वाटतं पहिल्यांदाच.

"दिवा ठेवीन. दहाव्या दिवशी खिडकीत दहीभात ठेवीन. तुमच्या नावाने नाही म्हटलं तरी चालेल, पण ठेवणार."

"ठेव," काका म्हणाले. "ते तुझं आहे. मला विचारू नकोस." जरा थांबून म्हणाले, "एकच. कावळा नाही शिवला तर दर्भाचा करायचा नाही. आणि माझं काय राहिलं होतं ते लोकांना शोधत बसू द्यायचं नाही."

"मग काय करू?"

"थांब थोडा वेळ. भूक लागली की येतो तो."