सातबारा वडिलांच्या नावावर, बोलावणं जर्मनीहून

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ३६. राहुरीला कृषी पदवी करताना एकाच खोलीत राहिलेले माझे दोन मित्र आता परदेशात आहेत. एक जर्मनीत फ्रायबुर्गला, दुसरा नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला. येत्या १२ ते २८ जुलैला जायचं ठरवलंय. पॅरिसला उतरून दोन रात्री, मग फ्रायबुर्गला नऊ, वागेनिंगेनला पाच आणि ॲमस्टरडॅमहून परत. आजवर देशाबाहेर पाऊल ठेवलेलं नाही. एका एजंटाला २५ हजार रुपये आणि पासपोर्ट दिला. तो म्हणतो, शेतकऱ्याला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) मिळत नाही. त्याने मी एका कंपनीत मार्केटिंग मॅनेजर असल्याचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा बनवल्यात. खात्यात पंधरा दिवस चार लाख आणून ठेवा, असंही सांगतो. जर्मनीच्या तारखा मिळत नाहीत म्हणून हॉटेलचं बुकिंग दाखवून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करू आणि व्हिसा आला की बुकिंग रद्द करू, असा त्याचा बेत आहे. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, इन्कम टॅक्सचं रिटर्न मी कधी भरलेलं नाही. काय करू? आणि मित्राने घरचं साजूक तूप मागितलंय, ते नेता येतं का?

उत्तर : आधी पासपोर्ट ताब्यात घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

पासपोर्ट तुमचासुद्धा नाही, एजंटाचा तर नाहीच. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ नुसार तो कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो. त्यामुळे ‘उरलेले पैसे द्या, मग पासपोर्ट देतो’ हे त्याला म्हणता येत नाही. आजच त्याला व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : पासपोर्ट परत हवाय, नोकरीचं पत्र आणि स्लिपा मी मागितलेल्या नव्हत्या, आणि माझ्या नावाने कुठलाही अर्ज करायचा नाही. यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. उद्या ते कागद कुठे बाहेर आलेच, तर तुम्ही वेळेवर हात झटकले होते हे दाखवायला तुमच्याकडे तारीख-वेळेसह पुरावा राहील. फोनवर भांडू नका, फोनवरच्या भांडणाचा कागद होत नाही. आठवड्यात पासपोर्ट आला नाही तर स्पीड पोस्टाने नोटीस आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. २५ हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही. पैसे ऑनलाइन दिले असतील तर बँकेची नोंद पुरेशी आहे.

आता त्या मार्केटिंग मॅनेजरबद्दल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ बनावट दस्तऐवजाबद्दल आहे आणि फसवणुकीच्या हेतूने तो केला असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. कलम ३४० म्हणतं की, खोटा आहे हे माहीत असून असा कागद खरा म्हणून वापरणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे ‘एजंटाने केलं, मी फक्त सही केली’ हा बचाव टिकत नाही. व्हिसाच्या अर्जाखाली सही तुमची असते आणि त्या सहीच्या वरच लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर अर्ज फेटाळला जाईल, दिलेला व्हिसा रद्द होईल आणि खटलाही होऊ शकेल. शिवाय अर्जाची नोंद आणि बोटांचे ठसे शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहतात. आज एका देशाने नाकारलेला अर्ज उद्या दुसऱ्याच्या पडद्यावर दिसतो.

माझ्याकडे आलेल्या एका पक्षकाराच्या बाबतीत वकिलातीने पत्रावरच्या नंबरवर फोन केला. फोन उचलणाऱ्याने सांगितलं, ‘असे कुणी साहेब इथे नाहीत.’ विषय संपला. बिचाऱ्याची स्वतःची नऊ एकर बाग होती!

‘शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही’ असा कुठलाही नियम नाही. शेंगेन व्हिसा चालतो तो युरोपियन युनियनच्या व्हिसा संहितेवर, म्हणजे २००९ च्या ८१० क्रमांकाच्या नियमावलीवर. नकाराची कारणं तिच्या कलम ३२ मध्ये दिलेली आहेत. लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयाने १९ डिसेंबर २०१३ रोजी कूशकाकी प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला. तेहरानच्या जर्मन दूतावासाने एका इराणी नागरिकाला, तो परत जाईल याची खात्री नाही म्हणून, व्हिसा नाकारला होता. न्यायालय म्हणालं की संहितेत नसलेल्या कारणावरून व्हिसा नाकारता येणार नाही. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे : परतण्याबद्दल ‘वाजवी शंका’ आहे का, हे ठरवताना अधिकाऱ्याला भरपूर मोकळीक आहे, आणि ती शंका दूर होईल एवढी माहिती अर्जदाराने द्यायची असते. धंदा कुठला, हा प्रश्नच नाही. हा माणूस २८ जुलैला परत का येईल, हा प्रश्न आहे.

आणि इथे तुमच्यासारखा भक्कम अर्जदार मला क्वचित दिसतो. पगारदार माणसाला साहेबाचं रजेचं पत्र लागतं. तुमची रजा वेलीने मंजूर केलेली आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग काडी तयार होण्याचा काळ, आणि पुढे फळासाठीची गोडी छाटणी. ती चुकली तर वर्ष गेलं. हे निफाडच्या पोराला सांगावं लागत नाही, पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून अर्जासोबत इंग्रजीत एक पानाचं पत्र जोडा. बाग किती एकर, वाण कुठला, जुलैतच का निघता येतं, तुम्ही नसताना फवारणी कोण बघणार, गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात धरली आहे, मजुरांच्या टोळीला कधीचा शब्द दिलाय. भाषा साधी ठेवा, अलंकार नकोत. माल निर्यातीला जात असेल तर अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) ग्रेपनेटवरची बागेची नोंद जोडा. तुमची द्राक्षं बहुधा रॉटरडॅमचं बंदर बघून आलेली असतील, मालक तेवढा राहिला! मात्र पत्राला वजन यावं म्हणून ‘तिथल्या आयातदारांनाही भेटणार’ असं उगाच घालू नका. त्याने प्रवासाचा हेतूच बदलतो आणि वेगळी कागदपत्रं मागितली जातात. अर्जात मित्रांची भेट हा हेतू लिहा. पॅरिस बघायचंय म्हणून पर्यटनही लिहा. दोन्ही खरं आहे.

सातबारा वडिलांच्या नावावर असणं ही अडचण वाटते तेवढी नाही. वडिलोपार्जित जमिनीत तुमचा जन्मतः हक्क आहे, पण हिंदू कायदा वकिलातीला शिकवत बसू नका. वडिलांचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र घ्या की गट नंबर अमुकची बाग माझा मुलगा कसतो आणि उत्पन्न त्याच्या खात्यात येतं. त्याला डिजिटल सहीचा सातबारा (ऑनलाइन १५ रुपयांत निघतो), आठ-अ, आणि तुमचं वडिलांशी नातं दाखवणारा कागद जोडा. सोसायटीचं पीककर्ज असेल तर तेही दाखवा. कर्ज लपवायची गोष्ट नाही, परत येण्याचं तेही एक कारणच आहे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. फक्त व्हिसासाठी घाईघाईने वाटणी करून सातबाऱ्यावर नाव चढवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. व्हिसा पंधरा दिवसांचा, भावकीचं भांडण पंधरा वर्षांचं.

रिटर्न भरलं नाही याचीही धास्ती नको. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर न भरणं हा गुन्हा नाही. पत्रात तसं एका वाक्यात सांगा आणि व्यापाऱ्याच्या किंवा निर्यातदाराच्या हिशेबपट्ट्या लावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लावणार असाल तर आधी तो उघडून वाचा. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला साठ हजारांचा दाखला आणि बँकेत जमा झालेले नऊ लाख एकाच फायलीत गेले, तर एजंटाच्या खोट्या पत्राची गरजच उरणार नाही.

चार लाख आणून ठेवण्याची युक्ती तर फारच जुनी झाली. अधिकारी शिल्लक बघतो त्याहून जास्त पैसा कुठून आला ते बघतो. साधारण मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. म्हणजे तुम्हाला १२ जानेवारीनंतर केव्हाही. पण जानेवारीत अर्ज केलात तर स्टेटमेंटमध्ये औषधं, खतं आणि मजुरीच दिसेल, सगळा खर्च. एप्रिलच्या अखेरीस केलात तर फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे मालाचे पैसे जमा झालेले दिसतील, प्रत्येक रकमेला हिशेबपट्टी जुळेल आणि कुणाकडून उसने आणायची वेळ येणार नाही. अपॉइंटमेंट मात्र आत्तापासून बघायला लागा, कारण उन्हाळ्याच्या तारखा भरतात ही एजंटाची एवढी एकच गोष्ट खरी आहे. निर्णय एरवी पंधरा दिवसांत होतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्या हिशेबाने एप्रिलअखेर ठीक आहे, मेअखेर नाही. माल रोखीने देऊ नका, यंदा पैसे खात्यावरच घ्या. चेक वटेपर्यंत गाडी सोडू नका हे मी व्हिसासाठी नाही, वकील म्हणून सांगतोय.

अर्ज कुणाकडे करायचा, हे तारखा कुठे मोकळ्या आहेत त्यावर ठरत नाही. संहितेचं कलम ५ सांगतं : मुक्काम किंवा हेतू या दृष्टीने जो देश मुख्य, त्याच्याकडे. तो ठरवताच येत नसेल, तरच जिथून प्रथम प्रवेश कराल त्या देशाकडे. तुमच्या सोळा रात्रींपैकी नऊ जर्मनीत आहेत, म्हणून अर्ज जर्मनीकडे. पॅरिसला आधी उतरता म्हणून फ्रान्सकडे नाही. रद्द करता येणारं बुकिंग करणं यात गैर काही नाही. जिथे राहायचंच नाही तिथलं बुकिंग दाखवून व्हिसा घेणं म्हणजे फसवणूक. असा व्हिसा मिळाल्यावरही रद्द होऊ शकतो, अगदी पॅरिसच्या विमानतळावर.

फ्रायबुर्गच्या मित्राने हमीपत्र देऊ केलं असेल. जर्मनीत त्याला फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात, उच्चाराचा सराव त्याच्यावर सोडा. ते तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात २९ युरो भरून करावं लागतं, आणि ते साधं निमंत्रण नाही. तुमच्या राहण्या-खाण्यावर किंवा दवाखान्यावर तिथल्या सरकारचा पैसा खर्च झाला तर तो भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी मित्र घेतो, तुमच्या प्रवेशापासून पाच वर्षांपर्यंत. तुमच्या खात्यात स्वतःचे पैसे असतील तर मित्राच्या मानेवर हे जू कशाला? दोन्ही मित्रांकडून साधी निमंत्रणपत्रं घ्या. त्यात ओळख कशी, राहुरीचं कुठलं साल, मुक्कामाच्या तारखा, पत्ता, आणि राहणं त्यांच्याकडे व बाकी खर्च तुमचा, एवढं असावं. सोबत त्यांच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत. कॉलेजातला तिघांचा एखादा फोटो असेल तर लावा, नुकसान काही नाही.

उरलेलं थोडक्यात. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. फी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क, आणि नकार आला तरी फी परत नाही. ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. लंडन आणि डब्लिन या व्हिसात येत नाहीत.

नकार आलाच तर छापील नमुन्यावर कारणासमोर खूण असते, ती नीट वाचा. जुन्या व्हिडिओंत सांगतात तसा जर्मन वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज आता चालत नाही, १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. उरतो तो बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयातला दावा, एका महिन्याच्या आत. तोही तुम्हीच करायचा. बोलावणाऱ्याला स्वतःच्या नावाने दाद मागण्याचा हक्क संहिता देत नाही, असं युरोपियन न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. पहिल्या भेटीसाठी बर्लिनला भांडायला जा, असं मी सांगणार नाही. खूण कुठल्या कारणावर आहे ते बघून कमी पडलेला कागद जोडा आणि नव्याने अर्ज करा, त्याला बंदी नाही.

तूप नेता येणार नाही. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात दूध-दुभत्याचे पदार्थ नेण्यास मनाई आहे आणि साजूक तूप त्यातच मोडतं. मित्राला सांगा, डिसेंबरात गावी ये आणि डब्यातूनच खा.