आधी खालचं लेबल वाचा: ओपनडब्ल्यूआरटीबद्दल तुमचे प्रश्न

राउटरवर कंपनीचं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) काढून ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारलेलं फुकट फर्मवेअर टाकण्याबद्दल बरेच प्रश्न साठले होते. जे पुन्हा पुन्हा विचारले जातात ते आज घेतोय, क्रम साधारण काम ज्या क्रमाने होतं तसाच ठेवलाय.

प्रश्न: माझ्या राउटरला कंपनीने अपडेट देणं बंद केलंय पण राउटर ठणठणीत आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल नंबर दिसतोय, मग टाकू का?

नुसता मॉडेल नंबर दिसला म्हणून पुढे जाऊ नका. राउटर उलटा करा आणि खालचं लेबल नीट वाचा, तिथे मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन लिहिलेलं असतं आणि सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे. कंपन्या तेच नाव आणि तोच डबा ठेवून आतली चिप सरळ बदलतात. टीपी-लिंक आर्चर सी६ चं उदाहरण घ्या, व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे आणि व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची, म्हणजे आतून हे दोन वेगळेच राउटर झाले, एकाची फाईल दुसऱ्यावर चालायचा प्रश्नच येत नाही. त्यातही व्हर्जन २ ची अमेरिकेतली आवृत्ती वेगळी आणि युरोपातली वेगळी. म्हणून ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत तुमचं मॉडेल, व्हर्जन आणि प्रदेश तिन्ही जुळतंय का बघा, आणि मग त्या मॉडेलचं स्वतःचं पान उघडून शेवटपर्यंत वाचा, घाई करू नका, अडचणी काय येतात ते बहुतेक वेळा तिथेच खाली लिहिलेलं असतं.

व्हर्जन जुळलं की फ्लॅश (फर्मवेअर साठवायची कायमची मेमरी) आणि रॅम (चालू कामापुरती मेमरी) बघायची. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असेल (टीएल-डब्ल्यूआर८४१एन ची बरीचशी जुनी व्हर्जन अशीच आहेत) तर सोडून द्या. असल्या राउटरसाठी १९.०७ ही शेवटची आवृत्ती होती आणि तिचे सिक्युरिटी अपडेट २०२२ मध्येच थांबले, म्हणजे ज्या कारणासाठी हे सगळं करायचं तेच साधत नाही. ८ आणि ६४ वर जेमतेम भागतं, आरामात वापरायचं तर १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम तरी हवी. आणि वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, नका टाकू, कारण त्यांचे ड्रायव्हर बंदिस्त असतात आणि वायफाय एकतर अर्धवट चालतं नाहीतर चालतच नाही.

प्रश्न: फुकट मिळणारी गोष्ट, घरातलं सगळं इंटरनेट त्यातून जाणार, मग विश्वास कसा ठेवायचा? हे लोक आहेत तरी कोण?

रास्त प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा. २००२ च्या शेवटी लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आला, त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, आणि लिनक्सचं लायसन्स असं आहे की ते वापरून वस्तू विकलीत तर त्याचा सोर्स कोड ग्राहकाला द्यावा लागतो. लोकांनी तो मागितला, पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला. त्या कोडवरून २००४ च्या जानेवारीत ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, नावातलं डब्ल्यूआरटी त्या राउटरचंच. मध्ये २०१६ ला काही डेव्हलपर वेगळे झाले, त्यांनी लीड नावाने प्रकल्प चालवला, २०१८ मध्ये दोन्ही परत एक झाले. २०२४ मध्ये तर त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा स्वतःचा राउटरच आणला.

पण माझा विश्वास या जुन्या इतिहासामुळे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या ऑनलाइन इमेज बनवून देणाऱ्या सर्व्हिसमध्ये एक गंभीर त्रुटी एका संशोधकाने दाखवून दिली, ती त्यांनी काही तासांत दुरुस्त केली आणि काय झालं होतं, कोणी काय करावं हे सगळं उघडपणे लिहून टाकलं. त्रुटी सगळ्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये निघतात हो, पण ती निघाल्यावर लोक कसे वागतात ते मी बघतो. अपडेट बंद झालेल्या राउटरमध्ये सापडलेलं भोक मात्र कायमचं उघडं राहतं, त्याला कोणी वालीच नसतो.

प्रश्न: डाउनलोडच्या पानावर फॅक्टरी आणि सिसअपग्रेड अशा दोन फाईल आहेत. कुठली घ्यायची?

राउटरवर अजून कंपनीचं फर्मवेअर असेल तर फॅक्टरी, ओपनडब्ल्यूआरटी आधीच चालू असेल तर सिसअपग्रेड. फॅक्टरी फाईलला कंपनीच्या पद्धतीचं वेष्टन असतं म्हणून कंपनीचं अपडेटचं पान तिला स्वीकारतं. काही मॉडेलला फॅक्टरी फाईलच नसते, तिथे आधी इनिटरामएफएस नावाची इमेज नुसती रॅममध्ये चालवायची आणि तिच्यातून सिसअपग्रेड फाईल टाकायची, हे मॉडेलच्या पानावर दिलेलं असतं. स्नॅपशॉट नावाची फाईल पहिल्यांदा टाकणाऱ्याने घेऊच नये, तिच्यात वेब पेज नसतं, सगळं एसएसएच वरून, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड टाइप करून करावं लागतं.

फाईल उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ आकडा (फाईल जशीच्या तशी उतरली की नाही ते सांगणारी खूण) पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. फ्लॅश करताना, म्हणजे फाईल राउटरवर चढवताना, कॉम्प्युटर केबलनेच जोडा, वायफायवरून करू नका, आणि एकदा बटण दाबलं की पाच मिनिटं राउटरला हात लावायचा नाही, दिवे कितीही विचित्र लुकलुकले तरी. सगळ्यात जास्त राउटर या पाच मिनिटांत मरतात, कारण माणसाला वाटतं अडकलंय आणि तो प्लग काढतो.

अजून एक काम जे फार थोडे लोक करतात. ओपनडब्ल्यूआरटी चालू झालं की लुसीमध्ये (लुसी म्हणजे त्याचं वेब पेज) बॅकअप आणि फ्लॅशच्या पानावर जा, तिथे एमटीडी पार्टिशन (फ्लॅश मेमरीचे वेगवेगळे कप्पे) उतरवून घ्यायची सोय आहे, त्यातलं एआरटी किंवा फॅक्टरी नावाचं पार्टिशन कॉम्प्युटरवर जपून ठेवा. तुमच्या राउटरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची त्याची ओळख) आणि वायफायचं कॅलिब्रेशन त्यात असतं, ते कारखान्यात प्रत्येक राउटरसाठी वेगळं भरलेलं असतं. फर्मवेअर कधीही परत मिळेल, पण हे गेलं तर दुसऱ्या राउटरमधून आणून चालत नाही, मग वायफाय कायमचं लंगडं.

प्रश्न: टाकून झालं, पण वायफायच दिसत नाही. बिघडला का?

नाही. पहिल्यांदा वायफाय बंदच असतं कारण त्याला अजून पासवर्ड नसतो. केबल लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, युजर रूट, पासवर्ड रिकामा. आधी पासवर्ड द्या, मग वायरलेसमध्ये देश निवडा, नाव आणि पासवर्ड देऊन चालू करा.

वायफाय लागलं पण इंटरनेट येत नाही असं झालं तर एक गोष्ट तपासा, तुमच्या इंटरनेट कंपनीचा डबाही १९२.१६८.१.१ वरच आहे का. तसं असेल तर दोन्ही बाजूंना एकच पत्ते झाल्याने राउटरला बाहेर कुठे जायचं तेच कळत नाही. तुमच्या राउटरचा लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा पत्ता १९२.१६८.२.१ करून टाका.

प्रश्न: भीती एकच आहे, ब्रिक झाला, म्हणजे राउटर चालूच होईनासा झाला तर? परत जिवंत होतो का?

बहुतेक वेळा होतो, आणि का होतो ते समजलं की भीती बरीच कमी होते. राउटरच्या फ्लॅशमध्ये सगळ्यात आधी बूटलोडर, म्हणजे राउटर चालू होताना फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम असतो, तो फर्मवेअरपासून वेगळ्या जागी असतो आणि साध्या फ्लॅशिंगमध्ये त्याला धक्का लागत नाही. तो शाबूत आहे तोपर्यंत राउटर मेला असं म्हणायचं नाही.

आधी ठरवा बिघाड कुठल्या थराचा आहे. नुसती सेटिंग चुकली आणि आता तुम्हालाच राउटरमध्ये शिरता येत नाही, असं असेल तर ते सगळ्यात सोपं. ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ भाग फक्त वाचता येणाऱ्या स्क्वॉशएफएस मध्ये असतो आणि तुमच्या सेटिंग त्याच्यावरच्या ओव्हरलेमध्ये, म्हणून ओव्हरले पुसला की राउटर पहिल्या दिवसासारखा होतो. त्यासाठी फेलसेफ मोड आहे, राउटर चालू करा, एखादा दिवा भराभर लुकलुकायला लागला की बटण दाबा (कुठलं बटण ते मॉडेलवर अवलंबून, बहुतेक रिसेट), कॉम्प्युटरला हाताने १९२.१६८.१.२ पत्ता द्या कारण या मोडमध्ये आपोआप पत्ता मिळत नाही, एसएसएच ने १९२.१६८.१.१ ला जा, फर्स्टबूट कमांड द्या आणि रीबूट करा. झालं.

फर्मवेअरच खराब पडलं असेल तर बूटलोडरची मदत घ्यायची. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिसेट दाबून चालू केलं की राउटर स्वतः १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर (फाईल पुरवणारा साधा प्रोग्राम) शोधतो आणि ठरलेल्या नावाची फाईल मागतो, तुम्ही कॉम्प्युटरला तोच पत्ता देऊन ती फाईल तयार ठेवायची. नाव एका अक्षराने चुकलं तरी तो घेत नाही हं. जीएल-आयनेटच्या राउटरमध्ये तर बूटलोडरचंच छोटं वेब पेज आहे, रिसेट दाबून चालू करा, ब्राउझरमधून फाईल द्या, मी पहिल्यांदा करणाऱ्यांना म्हणूनच असे राउटर सुचवतो. माझं म्हणणं असं की फ्लॅश करायच्या आधी ही परतीची वाट कोणती आहे ते शोधा, लागणारी फाईल आधीच उतरवून ठेवा, कारण राउटर बंद पडल्यावर घरातलं इंटरनेटही गेलेलं असतं आणि मग फाईल शोधणार कुठून.

याही पलीकडे गेलं तर राउटर उघडून सिरियल केबल लावावी लागते. यूएसबी-टीटीएल ॲडॉप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड या तीनच तारा जोडा, व्हीसीसी (विजेची तार) जोडू नका, स्पीड सहसा ११५२००. आणि बूटलोडर बदलायचं आकर्षण टाळा. मॉडेलच्या पानावर स्पष्ट सांगितलं असेल तरच त्याला हात लावा.

प्रश्न: याने इंटरनेटचा स्पीड वाढेल का?

तुम्ही जेवढ्याचा प्लॅन घेतलाय त्याच्या वर कुठलंच फर्मवेअर नेणार नाही. उलट कधीकधी आकडा कमीच होतो, कारण कंपनीचं फर्मवेअर चिपमधलं वेग वाढवणारं बंदिस्त ॲक्सेलरेशन वापरत असतं आणि ते ओपनडब्ल्यूआरटीला सगळीकडे मिळत नाही. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपवर हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरऐवजी चिपच पॅकेट पुढे पाठवते ती सोय) आहे, तिथे हा त्रास कमी.

पण बहुतेकांची खरी तक्रार स्पीडची नसतेच. घरात कोणीतरी फोटोंचा बॅकअप लावतं आणि दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो, स्पीड टेस्ट केली तर आकडा छान येतो. याला बफरब्लोट म्हणतात. अपलोडची लाईन भरली की पॅकेटची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) लांबलचक रांग मोडेममध्ये साठते आणि तुमच्या कॉलचं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. ओपनडब्ल्यूआरटी टाकायला माझ्या मते एवढं एकच कारण पुरेसं आहे, कारण त्यात याचं औषध आहे: एसक्यूएम, म्हणजे ही रांग सांभाळणारी सोय. लुसीचं एसक्यूएम पॅकेज (वरून टाकायचा जादा प्रोग्राम) टाका, वॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचं इंटरफेस निवडा, प्रकार केक (रांग वाटून देण्याची एक पद्धत) ठेवा, आणि स्पीड तुमच्या मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के लिहा. म्हणजे केबल लावून मोजल्यावर १०० एमबीपीएस येत असतील तर ९० एमबीपीएस पासून सुरुवात करा. मुद्दाम कमी लिहायचं ते यासाठी की रांग मोडेममध्ये न साठता राउटरमध्ये साठावी, तिथे केक ती नीट वाटून देतो, प्रत्येक कनेक्शनला आपली पाळी मिळते. थोडा स्पीड जातो पण कॉल अडकत नाही, आणि हा सौदा मी कधीही करेन.

दोन गोष्टी सांभाळा. एसक्यूएम प्रोसेसरवर चालतं, जुना राउटर फास्ट फायबरवर दमतो. आणि हार्डवेअर ऑफलोडिंग चालू ठेवलंत तर पॅकेट एसक्यूएमला बगल देऊन जातात, म्हणून दोन्ही एकदम नको.

प्रश्न: इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवरच टाकता येईल का?

सहसा नाही. तो डबा बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीचा असतो, फर्मवेअरवर सहीचं कुलूप असतं, आणि फायबरचा भाग आतच असेल तर ओपनडब्ल्यूआरटीला तो चालवता येत नाही. त्याला ब्रिज मोडमध्ये (डबा नुसता लाईन पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) टाकायला सांगा आणि मागे स्वतःचा राउटर लावा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन चालू होणारं कनेक्शन) असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाईनवर लागणारा एक आकडा) आधीच विचारून लिहून ठेवा, नंतर हे शोधताना फार हाल होतात.

प्रश्न: सगळी पॅकेज एका कमांडने अपग्रेड केली तर राउटर विचित्र वागायला लागला. असं का?

कॉम्प्युटरची सवय इथे लावू नका. मूळ भाग तसाच राहतो आणि नवी पॅकेज ओव्हरलेमध्ये वरून येऊन बसतात, जागाही खातात आणि जुन्या कर्नलशी (लिनक्सच्या गाभ्याशी) जुळत नाहीत ते वेगळंच. पूर्ण सिसअपग्रेड करा, सेटिंग ठेवा हा पर्याय निवडून. वेगळी टाकलेली पॅकेज मात्र त्यात पुसली जातात, म्हणून अटेंडेड सिसअपग्रेड वापरा, तुमच्या पॅकेजसकट इमेज बनवून मिळते, २४.१० पासून बहुतेक राउटरवर ते लुसीतच असतं. एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाताना रिलीज नोट्स वाचा, २१.०२ मध्ये काही राउटरवर स्विचची रचनाच बदलली होती आणि तिथे जुन्या सेटिंग चालतच नव्हत्या.

प्रश्न: वायफायची पॉवर वाढवायला दुसरा देश निवडला तर चालेल ना?

नको. नियम मोडतो हे तर आहेच, ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनल हवामानाच्या रडारसोबत वाटून घेतलेले असतात. आणि उपयोगही नाही, राउटर ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात पण फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटर घराच्या मध्यावर उंच ठेवा, किंवा केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.

प्रश्न: नाही आवडलं तर मूळ फर्मवेअरवर परत जाता येतं का?

बहुतेक मॉडेलवर येतं, आणि बूटलोडरच्या रिकव्हरीतून, म्हणजे वर सांगितलेल्या टीएफटीपीच्या वाटेने केलं तर सगळ्यात सुरक्षित. लुसीमधून कंपनीची फाईल टाकायची असेल तर जुन्या टीपी-लिंकवर एक काळजी घ्या, फाईलच्या नावात बूट हा शब्द असेल तर तिच्यात सुरुवातीला बूटलोडरही भरलेला असतो, तो कापून न काढता टाकलीत तर राउटर ब्रिक होऊ शकतो.