पॉलिहाउसच्या आधी कांद्याची एक लागण

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, दहावीला ८६ टक्के होते. आम्ही डोंबिवलीत राहतो. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात सासऱ्यांची अडीच एकर जमीन आहे, ती धाकटे दीर कसतात. शेतीत भागत नव्हतं म्हणून अठरा वर्षांपूर्वी आम्ही गाव सोडलं. आता मुलगा म्हणतो, इंजिनिअरिंग नको, बी.एस्सी. ॲग्री करणार आणि गावी पॉलिहाउस (प्लास्टिकच्या छताखालची शेती) टाकणार. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने वहीत हिशेबही मांडलाय : दहा गुंठे, वर्षाला आठ लाख नफा. त्याचे वडील त्याच्याशी बोलायचेच बंद झालेत. मला त्याचं मन मोडायचं नाही, पण पुन्हा चिखलात पाठवायचं का? उद्या त्याला मुलगी कोण देणार? – एक आई

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त तुमच्या मिस्टरांचं वाटलं. शेती सोडून शहरात आलेल्या माणसाला शेती ठाऊक असते, आणि मुलगा मोबाइलवर बघतो ती शेती त्याच्या ओळखीची नसते. त्यांच्या गप्प बसण्यात मला रागापेक्षा काळजी जास्त दिसते. त्यांना माझा निरोप द्या : बोला. विहीर कोणत्या वर्षी आटली, गावच्या सोसायटीचं कर्ज किती होतं, कोणतं पीक हातचं गेलं, हे मुलाला आकड्यांसकट सांगा. हा धडा त्याला दुसरं कोणी देऊ शकणार नाही.

आता मुलाच्या मागणीबद्दल. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकीत मिसळल्या आहेत. कृषी पदवी घेणं ही एक गोष्ट, शेती करून घर चालवणं ही दुसरी. पदवीधर होऊन आयुष्यात कधी नांगर न धरणारे हजारो आहेत, आणि सातवी शिकून द्राक्षाचा माल परदेशी पाठवणारे बागायतदार माझ्या निफाड तालुक्यात घराघरात आहेत. मुलाला यातलं नेमकं काय हवंय हे त्यालाच अजून माहीत नाही. ते व्हिडिओ बघून कळायचंही नाही. त्यासाठी एक पीक हाताखालून जावं लागतं.

मी स्वतः दहावीपर्यंत डिसेंबरच्या सुट्टीत कांदे लावले आहेत. म्हणून उदाहरण कांद्याचंच देते. तुमचे दीरही बहुधा उन्हाळ कांदा करत असतील. पुढचा भाग मुलाला वाचायला द्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गादीवाफ्यावर उळे टाकतात. उळे म्हणजे कांद्याचं बी, काळं, मोहरीएवढं. सहा-सात आठवड्यांनी रोप लागणीला, म्हणजे शेतात लावायला, येतं. मग शेतात वाफे बांधायचे, पाणी सोडायचं आणि ओल्या मातीत एकेक रोप अंगठ्याने दाबत जायचं. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १०. बांध-दांड वजा केले तरी एका एकरात अडीच लाखांच्या आसपास रोपं बसतात. अडीच लाख वेळा कुणीतरी कमरेत वाकून अंगठा दाबलेला असतो, तेव्हा एक एकर लागण होते. हे काम बहुतेक बायकाच करतात. संध्याकाळी पाठ सरळ होत नाही आणि अंगठ्याच्या नखात गेलेली माती चार दिवस निघत नाही. आपण बाजारात किलोमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा हा अंगठा आपल्याला दिसत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

लागणीनंतर खुरपणी. कांद्याची पात उभी आणि बारीक, ती जमीन झाकत नाही, म्हणून तण मोकाट वाढतं. तणनाशक मारलं तरी एक-दोन हात फिरवावेच लागतात. मग पाणी. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बऱ्याच गावांत अजून हेच आहे. जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता दारं धरायला जावं लागतं. एक वाफा भरला की फावड्याने त्याचं दार बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं, पहाटेपर्यंत. पाय गारठलेले, हातात बॅटरी, आणि मनात सापाची भीती. ढगाळ हवा आली की करपा आणि फुलकिडे, म्हणजे पाठीवर फवारणीचा पंप.

आणि एवढं करूनही खरं कौशल्य कष्टात नाही, वेळ ओळखण्यात आहे. जमिनीला वाफसा, म्हणजे कामाला योग्य इतकाच ओलावा, आलाय की नाही हे काका मातीची मूठ दाबून सांगतील. चिखल झाला असेल तर थांबायचं, ढेकूळ कडक झालं असेल तर उशीर झाला. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढायला घ्यायचं. काढलेला कांदा शेतातच असा पसरायचा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी, नाहीतर उन्हाने कांदा चटकतो. तीन-चार दिवसांनी तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची. मान फार आखूड कापली तर रोग आत शिरतो. मग सावलीत सुकवायचा, निवडायचा आणि कांदाचाळीत, म्हणजे हवा खेळती राहणाऱ्या कोठारात, भरायचा, तोही चार-पाच फुटांपेक्षा उंच नाही, कारण खालचा कांदा दबतो आणि सडतो. यातलं एक पाऊल चुकलं की सप्टेंबरात चाळ उघडल्यावर वास येतो. चांगला भाव येईल म्हणून चार महिने राखलेल्या मालाचा मोठा भाग उकिरड्यावर गेलेला मी आमच्याच घरी पाहिला आहे. त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नव्हतं.

आता हिशेबाकडे येऊ. मुलाच्या वहीतला आठ लाखांचा आकडा मी खोटा म्हणत नाही; एखाद्याला एखाद्या वर्षी मिळालाही असेल. पण त्याने एकच भाव धरलाय. शेतीचा हिशेब तीन भावांनी मांडावा लागतो. समजा एकरी १०० क्विंटल कांदा निघाला. क्विंटलला ६०० रुपये मिळाले तर साठ हजार, १२०० मिळाले तर एक लाख वीस हजार, २५०० मिळाले तर अडीच लाख. बियाणं तेच, मजुरी तीच, रात्रीची जागरणं तीच. कांद्याला हमीभाव नाही. सकाळी ट्रॅक्टर बाजार समितीच्या रांगेत लावायचा, व्यापारी ट्रॉलीभोवती जमतात, बोली होते, आणि चार-पाच महिन्यांच्या कामाची किंमत एक-दोन मिनिटांत ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उघडली. त्या काळात ज्याचा माल बाजारात आला त्याने पिकवण्यात काहीच चूक केली नव्हती.

दुसरी गोष्ट मुलाच्या वहीत नाही आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या वहीतही नसते : घरच्या माणसांची मजुरी. कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना घरच्यांच्या श्रमाचं मोल धरतो. घरात मात्र काकूंनी केलेली खुरपणी कोणी मोजत नाही. ती मोजली की कितीतरी वर्षांचा नफा नाहीसा होतो. मुलाला सांगा, काकूंचे दिवस वहीत लिही, त्यांच्यापुढे चालू मजुरी मांड, आणि मग नफा काढ.

पॉलिहाउसबद्दल थोडक्यात. दहा गुंठ्यांनाही काही लाखांचं भांडवल लागतं. अनुदानाच्या भरवशावर उभारणी केली तरी पैसे आधी स्वतःचे किंवा बँकेचे घालावे लागतात. फुलं किंवा ढोबळी मिरची रोज तोडून रोज विकावी लागते, आणि सिन्नरच्या त्या भागात उन्हाळ्यात पाणी किती उरतं हे तुमचे दीरच सांगू शकतील. ज्याने साधा कांदा नीट पिकवून विकला नाही त्याने कर्ज काढून पॉलिहाउस टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पदवी घ्यावी का? शेतीत त्याचं मन रमतंय असं दिसलं तर जरूर घ्यावी. बी.एस्सी. ॲग्रीला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) दोन्ही गट चालतात. त्यामुळे इंजिनिअरिंगचा मार्ग आज बंद करायची गरज नाही. पीसीएम गटातून दिली तर एकाच परीक्षेवर दोन्ही दारं उघडी राहतात. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, त्यांची स्वतःची महाविद्यालयं आणि त्यांना संलग्न खासगी महाविद्यालयं आहेत. खासगीत जायची वेळ आली तर इमारत बघू नका. महाविद्यालयाचं प्रक्षेत्र, म्हणजे स्वतःचं शेत, किती एकर आहे, त्यावर विद्यार्थी स्वतः पीक घेतात का, माती परीक्षणाची प्रयोगशाळा चालू आहे का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. फी भरण्याआधी एकदा जाऊन शेत डोळ्यांनी पाहाच. चौथ्या वर्षी विद्यार्थी ‘कृषिदूत’ म्हणून गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात. त्या सत्रात काय केलं तेही विचारा. उत्तरात नुसते फोटोच आले तर ते महाविद्यालय सोडून द्या.

पदवीनंतर शेतीच करावी लागते असंही नाही. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा आहे, बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी लागतात, बियाणं आणि ठिबक कंपन्या आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. कीटकनाशकांच्या दुकानाच्या परवान्यालाही आता शिक्षणाची अट आहे. आणि नाशिक जिल्ह्यात शेत असून मोहाडीची सह्याद्री फार्म्स एकदा न पाहणं म्हणजे संधी घालवणं. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल निवडला, थंड ठेवला, प्रक्रिया केली आणि स्वतः विकला की काय होतं ते तिथे दिसतं. मला तुमच्या मुलाचं भविष्य अशा मधल्या जागेत जास्त दिसतं : एक पाय शेतात, एक पाय विक्रीत किंवा प्रक्रियेत, निदान पहिली काही वर्षं पगार चालू ठेवून. अडीच एकरावर, तेही दोन भावांत वाटून, एका कुटुंबाचं शहरासारखं भागेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

लग्नाचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण तो मनात पहिला असणार. गावोगाव शेती करणाऱ्या मुलांची लग्नं अडली आहेत, हे मी नाकारत नाही. पण मुलींच्या बाजूनेही बघा. त्यांनी आईला लागणीत वाकलेली पाहिलंय, आणि तिच्या नावावर ना जमीन होती, ना विक्रीच्या पट्टीतला एक रुपया. नकार मातीला कमी आणि या व्यवहाराला जास्त आहे. ज्या घरात बाईच्या कामाचा हिशेब ठेवला जातो त्या घराला मुली नाही म्हणतील असं मला वाटत नाही. वहीत काकूंचे दिवस लिहायला सांगितलं त्यामागे हेही कारण आहे.

आता काय करायचं ते. जानेवारी चालू आहे, उशिराच्या लागणी अजून सुरू असतील. एका शनिवार-रविवारी त्याला गावी पाठवा, फक्त दोन दिवस, आणि त्यात एक पूर्ण दिवस लागणीत बसू दे. मग फेब्रुवारी-मार्च परीक्षा, दुसरं काही नको. सीईटी झाली की प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होईपर्यंत दोन-अडीच महिने हाताशी असतात. काढणीचा शेवट, चाळ भरणं, मशागत, आणि जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीसाठी थांबून राहणं, एवढं सगळं त्यात येतं. त्या थांबण्याचा अनुभव त्याने घ्यावाच. पेरणीआधी आठ-दहा ठिकाणची माती इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन गोळा करावी, मिसळून अर्धा किलो उरवावी आणि तपासायला द्यावी. अहवाल वाचायला काकांबरोबर बसावं. एकदा तरी ट्रॉलीवर बसून बाजार समितीत जावं आणि खर्च कापून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, स्वतःच्या वहीत चिकटवावी.

मात्र जाताना तो मालकाचा मुलगा म्हणून जाऊ नये. सातबारावर नावं कोणाचीही असोत, अठरा वर्षं ती जमीन तुमच्या दिरांनी जागवली आहे. पुतण्या अचानक शेतीवर बोलू लागला की त्यांच्या मनात वाटणीची शंका येणारच. म्हणून आधी तुमच्या मिस्टरांनी भावाला फोन करावा आणि स्वच्छ सांगावं : पोरगा शिकायला येतोय, तुझ्या हाताखाली राहील, सांगशील ते करील. दोघा भावांचं बोलणं यानिमित्ताने झालं तर तेही चांगलंच.

ऑगस्टमध्ये मला त्याची वही पाहायची आहे. तोवर त्याला पूर्ण बाह्यांचे दोन जुने शर्ट, गमबूट आणि एक चांगली बॅटरी घेऊन द्या. रात्रपाळीच्या पाण्याला मोबाइलचा उजेड पुरत नाही.