आंद्रे ३०००नं पहिल्याच सोलो अल्बममध्ये रॅप केलं नाही, ही चाहत्यांची फसवणूक नाही का?

नाही. आत काय आहे ते लपवून विकलं तर फसवणूक. आंद्रे म्हणजे ‘आउटकास्ट’ या अमेरिकन रॅप जोडीतला रॅपर. त्याचा ‘न्यू ब्लू सन’ १७ नोव्हेंबर २०२३ ला आला, तो यायच्या आधीच जगाला माहीत होतं की यात रॅपची एक ओळ नाही. अल्बमवर तसा इशाराच होता. पहिल्या ट्रॅकचं नाव तर असं, की शपथेवर सांगतो, मला खरंच रॅपचा अल्बम करायचा होता, पण या वेळी वाऱ्यानं मला इकडंच आणून सोडलं. माणसानं आणखी किती स्पष्ट सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की आउटकास्टच्या २००६ च्या ‘आयडलवाइल्ड’ अल्बमनंतर १७ वर्षं वाट बघणाऱ्याच्या हातात ८७ मिनिटांची बासरी ठेवणं हा अन्याय आहे, आणि शेवटी विचारलंय की अल्बम ऐकावा का. दुसऱ्याचं उत्तर खाली देतो. पहिल्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, शाहीर. सांगली जिल्ह्यातल्या पलूस, कुंडल, तासगाव, विटा या पट्ट्यात जुन्या माणसांना विचारा, नाव निघेल. प्रतापगड सगळेच गातात. तात्यांचा हुकमी पोवाडा पत्री सरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध आमच्या भागात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा. शेणोलीला १९४३ साली त्याच्या तुफान सेनेनं पगाराची रेल्वे लुटली, तो प्रसंग आला की तात्या डफावरचा हात मध्येच उचलायचे, मागं साथ गाणारे झीलकरी ‘जी जी रं जी’ घशातच धरून उभे राहायचे आणि सगळं मैदान गप्प. कुंडल म्हणजे पत्री सरकारचं ठाणं. समोर बसलेल्यांत ज्यांचे आजोबा त्या सेनेत होते अशी माणसं असायची. डफावर पुन्हा थाप पडली की ती रडायची. हे मी लहानपणापासून स्टेजच्या कडेला बसून बघितलंय, त्यामुळं लोकांचं तात्यांवरचं प्रेम मला कुणी सांगायला नको.

साठी उलटल्यावर तात्या म्हणाले, आता ओव्या गायच्यात. आजी शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. दुसरं काही आठवायचं नाही तिला, पण जात्यावरच्या ओव्या सलग म्हणायची. तात्यांनी उशाशी बसून त्या शाळेच्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. मी म्हटलं, पोवाड्यांचीच सीडी काढू, लोक हातोहात घेतील. तात्या म्हणाले, “माझ्यात आता लढाई ऱ्हायली न्हाई रं. आईचं म्हणायचंय.”

आंद्रेनं ‘जीक्यू’ मासिकाच्या मुलाखतीत जे सांगितलं, ते वाचताना मला तात्यांचं हेच वाक्य ऐकू आलं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तो म्हणतो की रॅप करायला बसलो तर ते खोटं वाटतं, बोलायचं कशावर, नजर कमी झाली यावर, का पोटाची दुर्बीण तपासणी करायचीय यावर? लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. शब्दाचा कारागीर आपल्याजवळ सांगण्यासारखं काय उरलंय हे इतक्या सरळ कबूल करतो, याला मी मोठेपणा म्हणतो.

तर सीडी. पैसे मी पतसंस्थेतून उचलले. आधी सांगलीत विश्रामबागेत एका छोट्या स्टुडिओत गेलो. तिथला पोरगा बेंजो पार्ट्या आणि निवडणुकीची गाणी रेकॉर्ड करणारा, हुशार होता. पण तात्यांचा आवाज आयुष्यभर मैदानाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून फेकलेला. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, वीतभर अंतरावरच्या माइकमध्ये ते गायला लागले की आवाज मोजणारा काटा लाल व्हायचा. माइक लांब नेला तर ओवी पोवाड्यासारखी वाटायला लागायची. सगळा दिवस गेला, एक ओवी मनासारखी उतरली नाही.

काकू बरोबर होती. तीच म्हणाली, “जात्याबिगर ओवी कशी हुईल?” आणि आमचं ठरलं की रेकॉर्डिंग घरीच करायचं. माळ्यावरचं जातं उतरवलं, दगडांना टाकीचे घाव घालून घेतले, नवा खुंटा ठोकला. गळिताचा हंगाम सुरू होता. दिवसभर उसाचे ट्रॅक्टर टेप लावून रस्त्यावरून जायचे, म्हणून पहाटे उठून बसायचं. काकू दळायची, तात्या शेजारी मांडी घालून गायचे. जातं रिकामं फिरवलं तर दगडाला दगड लागून माइकमध्ये कर्कश येतं, त्यामुळं वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, सतत घालावी लागायची. मग एक गोष्ट झाली. जात्याच्या घरघरीत तात्यांचा आवाज आपोआप खाली आला. फेकायची गरजच उरली नाही, कारण ऐकणारी तिथंच हाताच्या अंतरावर दळत होती. मधेच काकू त्यांना थांबवायची, असं न्हाई, तुमची आई असं म्हणायची. आणि तात्या, ज्यांना स्टेजवर कुणी टोकायची हिंमत केली नसती, ते ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे. त्यातली एक ओवी माझी पाठ आहे:

सरलं गं दळण, सुपात राहिलं मूठभर गहू,
लेकी सासुराला जाता, मागं वळून नको पाहू.

यात डफ नाही, झीलकरी नाही, ‘जी जी रं जी’ नाही. माझ्या मते तात्यांच्या गळ्यातून निघालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. पुतण्या म्हणून नाही म्हणत. त्यांचे पोवाडे ऐकलेला माणूस म्हणून म्हणतोय.

‘न्यू ब्लू सन’ कसा झाला ते वाचलं तेव्हा मला त्या पहाटा आठवल्या. आंद्रेनं कार्लोस निन्यो या तालवादकाला बरोबर घेतलं आणि लिहून ठेवलेलं काही न वाजवता, समोरासमोर बसून, एकमेकांचं ऐकत सगळं उभं केलं. कीबोर्डवरचा सूर्या बोटोफसीना लहानाचा मोठा झाला तो जॅझ संगीतकार अॅलिस कोल्ट्रेनच्या कॅलिफोर्नियातल्या आश्रमात, जिथं भजनं चालायची. आंद्रे त्यात बांबूच्या बासऱ्या वाजवतो, माया पद्धतीच्या वाजवतो, डिजिटल फुंकवाद्यही वाजवतो. उस्ताद म्हणून नाही, शिकाऊ म्हणून. जो माणूस आउटकास्टमध्ये शब्दांचा राजा होता, २००४ साली ज्याच्या जोडीला ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर मिळाला, तो शिकाऊ होऊन इतरांमध्ये बसतो. चाहत्यांना यात अपमान दिसतो. मला तात्या काकूचं ऐकून ओवी पुन्हा म्हणताना दिसतात.

आता स्वागत कसं झालं ते सांगतो. आमच्या जत्रेला तात्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. तात्यांनी आधी ओव्या लावल्या. थोड्याच वेळात पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली, “डफ काढा, डफ काढा.” कुणीतरी मागून ओरडलं, शाहीर बायकी झाला. समितीच्या एका माणसानं येऊन माइक बंद केला आणि डीजे लावला. पारावर दुसऱ्या दिवसापासून सुरू, म्हाताऱ्याचा आवाज गेला, म्हणून ओव्या. आवाज गेला नव्हता. त्याच आठवड्यात एका शाळेत मुलांनी हट्ट केला म्हणून तात्यांनी पत्री सरकारचा पोवाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्यानं गायला होता.

आंद्रेबद्दलही हेच बोललं गेलं, की आता जमत नाही म्हणून बासरी. त्याच २०२३ मध्ये किलर माइक या रॅपरच्या गाण्यात त्यानं एक कडवं म्हटलं आणि त्या गाण्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये रॅपचे दोन ग्रॅमी मिळाले. जमत नाही म्हणणाऱ्यांनी ते एकदा ऐकावं. आणि तो रॅपपासून आत्ता दूर गेला असंही नाही. आउटकास्टच्या ज्या २००३ च्या जोड अल्बमला तो ग्रॅमी मिळाला, त्यातला त्याचा अर्धा भाग लावून ऐका, तिथंच तो बहुतेक गातोय. बघायचं होतं त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

तात्यांच्या सीडीचं पुढं काय झालं तेही ऐका. काकूनं बचत गटात नेली. तिथून मोबाइलवर गेली, भांगलायला जाणाऱ्या बायका रानात लावायला लागल्या. शेजारच्या गावची एक म्हातारी चालत आमच्या दारात आली आणि म्हणाली, शाहीर, त्या ओवीची पुढली ओळ ऱ्हायली की, आणि उंबऱ्यावर बसून म्हणून दाखवली. पोवाडा ऐकून लोक टाळ्या वाजवायचे, हार घालायचे, पण तात्यांना पुढची ओळ द्यायला कुणी आलं नव्हतं. ऐकणारे बदलले होते. समितीला आपले ऐकणारे तेवढे दिसले.

‘न्यू ब्लू सन’चंही तसंच. बारा मिनिटांचा तो पहिला ट्रॅक बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत नव्वदाव्या क्रमांकावर आला आणि त्या यादीत शिरलेला तोवरचा सगळ्यात लांब ट्रॅक ठरला. अल्बम बिलबोर्ड २०० या अल्बमांच्या यादीत ३४ व्या क्रमांकावर उघडला. पुढं ग्रॅमीची तीन नामांकनं, त्यात अल्बम ऑफ द इयरचंही. जिंकला नाही, पण शब्दांविना बासरीचा अल्बम तिथवर गेला म्हणजे कुणीतरी तो मनापासून ऐकला असणारच.

आमच्या जिल्ह्याला तरी हे कळायला हवं होतं. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाहीर. लालबावटा कलापथकात अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी मैदानं गाजवली. त्यांनीच १९५९ मध्ये ‘फकिरा’ दिली. शाहिरानं डफ ठेवून कादंबरी का लिहिली, असं कुणी त्यांना धरून विचारलं असतं तर आपण काय गमावलं असतं याचा विचार करा. अण्णाभाऊंच्या पुतळ्याला हार घालणारीच माणसं तात्यांचा माइक बंद करायला पुढं होती, याचा मला अजून राग आहे.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. वय झालं की रॅप सोडावंच, असं मी म्हणत नाही. रॅपर जे-झीनं ‘४:४४’ हा अल्बम केला तेव्हा तो सत्तेचाळीसचा होता आणि बायकोची माफी मागण्यासारखा विषय त्यानं रॅपमध्येच मांडला. ज्याला म्हणायचंय त्यानं सत्तरीतही म्हणावं. दुसरं, अल्बम वेगळा आणि सुपारी वेगळी. पैसे घेऊन कार्यक्रम ठरला असेल तर काय गाणार ते कलाकारानं आधी सांगितलंच पाहिजे. आंद्रे २०२४ मध्ये याच संगीताचे कार्यक्रम करत फिरला, तिकीट काढणाऱ्याला आपण काय ऐकायला चाललोय ते माहीत होतं.

ऐकावा का? ऐका, पण गाडीत किंवा व्यायाम करताना नको. पहाटे किंवा रात्री, पहिला ट्रॅक पूर्ण. आवडला तर पुढं जा. मला स्वतःला मधले दोन-तीन ट्रॅक रेंगाळलेले वाटतात आणि शेवटचा फारच लांबलाय. तरी पहिल्यासाठी ऐका. इथं सांगली-मिरजेत रॅप करणारी जी पोरं हे वाचत असतील त्यांनाही सांगतो, एक गाणं चाललं की तसंच दुसरं मागायला लोक येतीलच. प्रत्येक वेळी तेच देत बसू नका. आणि वेगळं काही द्याल तेव्हा ते आधी उघड सांगा, अगदी लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं लोक सोयीनं विसरतात.

आमच्या थोरल्या भावाचं म्हणणं पहिल्यापासून एकच, सुपारी पोवाड्याची घेतली आणि ओव्या गायल्या म्हणजे तात्यांनी गावाला फसवलं. तो तेव्हा जत्रा समितीत होता. दादा, तू हे वाचशील म्हणून इथंच लिहितो. तात्यांनी समितीला आधी कळवलं होतं. फोन माझ्याच मोबाइलवरून लागला होता, स्पीकरवर होता, आणि मी समोर बसून ऐकत होतो की तात्या म्हणतायत, निम्मा वेळ ओव्या, मग पोवाडा. पलीकडून हो आलं. छापलेला बोर्ड बदलायचा कंटाळा समितीनं केला. पोवाड्यापर्यंत पोचायच्या आत माइकही समितीनंच बंद केला. तरी दुसऱ्या दिवशी तात्यांनी सुपारीचे निम्मे पैसे परत पाठवले आणि समितीनं ते ठेवून घेतले. हिशेबाची वही तुझ्याकडंच असायची, बघून घे. ओव्यांची आणखी एक वही तात्यांकडं भरलेली आहे. काकूचे हात अजून चालतात, जातं अजून खालीच आहे. मी रेकॉर्डिंगचं काढलं की तात्या एवढंच म्हणतात, “थोरल्याला इचार.” तर मी तुला चारचौघांत विचारतोय.